विदर्भातल्या खेड्यात लहान पोरं घेऊन येताय? घर घ्यायच्या आधी एवढं वाचा

बदलीची ऑर्डर हातात पडली की आपल्याकडचे लोक शाळा कशी, रस्ता कसा, एसटी किती वाजता हे सगळं विचारतात आणि घराचं मात्र मिळेल काहीतरी म्हणून सोडून देतात. मी मूळची सांगली जिल्ह्यातली, जिल्हा परिषदेच्या नोकरीत यवतमाळ जिल्ह्यात आले आणि आता इथलीच झाले, दोन्ही लेकरं इथंच वाढली. दरवर्षी कोल्हापूर-साताऱ्याकडून, मराठवाड्यातून, कोकणातून नवीन शिक्षक, नर्स, ग्रामसेवक, बँकेतले लोक येतात, कडेवर लहान बाळ असतं आणि चार दिवसात घर ठरवायची घाई असते. त्यांना माझं एकच सांगणं असतं, भाडं किती आणि ऑफिस किती लांब हे नंतर बघा, आधी लेकरू कुठे झोपणार आणि काय पिणार ते बघा.

पहिली गोष्ट छत. तुम्ही घर बघायला येता जूनच्या शेवटी, एखादा पाऊस पडून गेलेला असतो, हवा गार असते, आणि टिनाचं घर एकदम मस्त वाटतं. तेच घर एप्रिल-मे मध्ये भट्टी होतं. इथं ४६-४७ पर्यंत पारा जातो, आणि टिनाखाली रात्री अकरालाही भिंतीला हात लावला तर गरम लागते. मोठं माणूस घाम गाळून निभावून नेतं, दोन वर्षाच्या आतल्या बाळाला ते जमत नाही, त्याला तहान लागली हे पण सांगता येत नाही, ते नुसतं मलूल पडतं, लघवी कमी होते, आणि आपण समजतो झोपलंय. त्यामुळे घर दुपारी दोन वाजता बघा, आणि शेजारच्या बाईला विचारा की मे महिन्यात ह्या खोलीत बसवतं का, ती खरं सांगते. स्लॅबचं वरच्या मजल्याचं घर पण तापतं, खाली राहिलेलं बरं. कवेलूचं, म्हणजे आपल्याकडचं कौलारू, मातीच्या भिंतीचं घर सगळ्यात थंड, पण त्याचा दुसरा त्रास आहे, तो खाली सांगते. टिनाचंच घर मिळालं तर मार्चमध्ये वरून चुन्याचे दोन हात मारून घ्या आणि वर थोडी फट ठेवून हिरवी जाळी बांधा, दोन-चार अंशांचा फरक पडतो. आतून थर्माकोल लावतात बरेच लोक, ते नका लावू, त्याला आग लागली की क्षणात पेटतं आणि धूर भयंकर असतो.

आता कूलर. ह्याच्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण आपल्याकडच्या लोकांना कूलरची सवयच नसते. दर उन्हाळ्यात इथल्या पेपरात कूलरचा शॉक लागून कुणीतरी गेल्याची बातमी येते, आणि त्यात लहान पोरं असतात. कारण साधं आहे, लोखंडी बॉडी, लोखंडी स्टँड, आत पाणी, त्या पाण्यात बुडालेला पंप, खाली ओली फरशी आणि पोरगं अनवाणी. पंपाची वायर कुठे सोलली की अख्खी बॉडी करंट मारते. प्लग तीन पिनचा असला म्हणजे झालं असं नाही, खेड्यातल्या कितीतरी घरात बोर्डाच्या तिसऱ्या भोकाला मागून अर्थिंगची, म्हणजे करंट जमिनीत उतरवणारी वायरच जोडलेली नसते. म्हणून सामान लावायच्या आधी गावातला वायरमन बोलवा आणि त्याला म्हणा टेस्ट लॅम्प, म्हणजे दोन वायरी जोडलेला बल्ब, लावून दाखव. एक वायर फेजला, दुसरी अर्थिंगच्या भोकात, बल्ब भक्क पेटला तर अर्थिंग आहे, मिणमिणला किंवा पेटलाच नाही तर नाही. नसेल तर घरामागे खड्डा करून नवीन अर्थिंग करून घ्या, आणि उन्हाळ्यात त्या खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओता, जमीन कोरडी ठणठणीत झाली की असलेलं अर्थिंग पण काम करत नाही.

आणि मीटरपाशी आरसीसीबी बसवा, ३० मिलीअँपिअरचा. एमसीबी म्हणजे ते नव्हे, एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, माणूस वाचवायला नाही. आरसीसीबी जाणारा आणि परत येणारा करंट मोजतो, तेवढा फरक पडला म्हणजे करंट कुणाच्या तरी अंगातून जमिनीत चाललाय असं धरून डोळ्याचं पातं लवायच्या आत लाइन तोडतो. दीड-दोन हजाराच्या आसपास येतो. घरमालक म्हणतील काकाजींच्या काळापासून कधी काही झालं नाही, तर वाद घालत बसू नका, स्वतःच्या पैशाने बसवा आणि बदली झाली की काढून न्या. पाणी भरताना बटण बंद करून भागत नाही, प्लग ओढून काढायचा, मग पाइप लावायचा. कूलर खिडकीच्या बाहेर, पोरांचा हात पोचणार नाही असा ठेवा, आणि समोरची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर खोली नुसती दमट होते आणि बाळाला खोकला.

त्याच कूलरच्या टाकीत डेंग्यूचा डास होतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करायची आणि ब्रशने घासायची, नुसतं पाणी ओतून उपयोग नाही कारण अंडी कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी राहून पण महिनोनमहिने टिकतात. पावसाळा लागला की कूलरच्या ताट्या, म्हणजे बाजूचे पाणी धरणारे पॅड, काढून टाका, टाकी पुसून ठेवा.

झोपायचं बघू. इकडची काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते, त्यामुळे भिंतींना, जोत्याला भेगा पडतातच. त्या भेगांत विंचू, पाली, उंदीर, आणि उंदरामागे साप. कवेलूच्या घरात वरून पण पडतात, हा तो दुसरा त्रास. खाली गादी टाकून पोरांना झोपवायची आपली सवय इथं मोडा. मण्यार रात्री फिरते, झोपेत चावते, चावल्याचं दुखत पण नाही, सूज नाही, जखम दिसत नाही. पहाटे पोरगं पोटात दुखतं म्हणून उठतं, मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, आणि लोक त्याला गॅसचं औषध देत बसतात. पावसाळ्यात रात्री-पहाटे अचानक पोट दुखून पापण्या खाली यायला लागल्या तर साप डोक्यात ठेवा आणि सरळ १०८ ला फोन करा. बांधायचं नाही, कापायचं नाही, मांत्रिकाकडे तर अजिबात नाही. सगळ्यात स्वस्त उपाय खाट आणि मच्छरदाणी, पण मच्छरदाणी लोंबती नको, चारी बाजूंनी गादीखाली घट्ट खोचलेली पाहिजे आणि चादर जमिनीला टेकता कामा नये. डास, विंचू, साप तिन्हीला तीच एक गोष्ट अडवते. लाल विंचू लहान मुलाला चावला, घाम सुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले तर दवाखान्यात प्राझोसिन देतात, आपल्या महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनीच तो उपचार पुढे आणला, त्याने कितीतरी पोरं वाचलीत. राहायला आलात की पहिल्याच आठवड्यात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन विचारून या, सापाची लस इथं असते की ग्रामीण रुग्णालयातच, रात्री डॉक्टर असतात का. रात्री दोन वाजता पोरगं हातात घेऊन हे शोधायला लागू नये.

घराच्या भिंतीला लागून गवत, झुडपं, पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचे, ढीग असतील तर ते हलवायला लावा. स्क्रब टायफस नावाच्या तापाचे बारीक किडे अशाच ठिकाणी असतात, २०१८ ला विदर्भात त्याची मोठी साथ आली होती. ताप उतरत नसेल तर पोराची काख, जांघ, मान नीट बघा, सिगारेटचा चटका बसल्यासारखा काळा खपलीचा डाग दिसला तर डॉक्टरांना दाखवा, ह्या आजाराची औषधं वेगळी असतात.

पाणी. यवतमाळ, चंद्रपूर जिल्ह्यात बऱ्याच गावच्या बोअरला फ्लोराईड आहे, आणि अकोला, अमरावती, बुलढाण्यात पूर्णा नदीच्या पट्ट्यात, ज्याला खारपाण पट्टा म्हणतात, तिथं पाणीच खारं. खारं पाणी जिभेला कळतं, फ्लोराईड कळत नाही, पाणी स्वच्छ आणि चवीला पण चांगलं असतं. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की ते चालत नाही, आणि सात-आठ वर्षापर्यंत पक्के दात आतून तयार होत असतात तेव्हा जे डाग पडतात ते कायमचे. उकळून फ्लोराईड जात नाही, पाणी आटलं की उलट वाढतं. गावातल्या मोठ्या पोरांचे दात बघा, पिवळे-तपकिरी पट्टे दिसले तर समजून जा, आणि ग्रामपंचायतीत पाणी तपासणीचा रिपोर्ट मागा. असेल तर प्यायला आणि स्वयंपाकाला, दोन्हीला, नळाचं नदीचं पाणी किंवा आरओचं.

बहुतेक घरं शेतकऱ्यांची असतात, एका बाजूला ते, एका बाजूला आपण. त्यांच्यासारखी जीव लावणारी माणसं कुठं मिळणार नाहीत, पण छपरीत, म्हणजे पडवीत, फवारणीचा पंप आणि औषधाचे डबे उघडे असतात. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीत विषबाधा होऊन कितीतरी शेतकरी-मजूर गेले, ते इथं कुणी विसरलेलं नाही, त्यामुळे तुम्ही कुलपाची पेटी मागितली तर राग येणार नाही. उरलेलं औषध थंड्याच्या बाटलीत भरून ठेवू नका एवढं हात जोडून सांगा. पोराने तोंडाला लावलंच तर उलटी करायला लावू नका, डबा घेऊन दवाखाना गाठा. भाव वाढायची वाट बघत खोलीत कापूस भरलेला असतो, त्यात पोरं उड्या मारतात आणि मग अंगभर खाज, पुरळ. ती खोली तुमच्या झोपायच्या खोलीला लागून नको, आणि जवळ चूल तर नकोच.

उन्हाळ्यात सगळं गाव स्लॅबवर झोपतं, तुम्ही पण झोपाल, पण कठडा कमरेएवढा आहे का आणि वरून लाइनची तार किती जवळून जाते ते बघितल्याशिवाय पोरांना वर नेऊ नका. अंगणातल्या टाक्याला झाकण पाहिजे, आणि ते पोराला उचलता येणार नाही असं जड.

अ‍ॅडव्हान्स द्यायच्या आधी हे सगळं घरमालकांशी बोलून घ्या, भेगा बुजवणं, जाळ्या, टाक्याचं झाकण, औषधाची पेटी. इकडची माणसं तोंडी शब्दाला पक्की असतात, पण कोण खर्च करणार आणि कधीपर्यंत हे स्पष्ट ठरवा. नर्सताईंना तर उन्हाळी सुट्टी पण नसते, त्यांनी छताचं आणि अर्थिंगचं काम मार्च संपायच्या आत उरकून घ्यावं, एप्रिलमध्ये वायरमन कुणाला सापडत नाही.