स्टीलचा ऑइल फिल्टर घ्यावा का? बाईकवाल्यांसाठी टीप

बुलेट, ड्यूक, पल्सर अशा गाड्यांना धुवून परत वापरायचा स्टीलच्या जाळीचा ऑइल फिल्टर मिळतो, एकदा घेतला की आयुष्यभर बघायला नको असं सांगून विकतात. पण आधी हिशोब करा, कागदाचा फिल्टर साधारण १००-२०० रुपयात येतो आणि स्टीलचा हजाराच्या वर, म्हणजे वर्षातून एकदा-दोनदा बदलणाऱ्याचे पैसे वसूल व्हायलाच कित्येक वर्षं जातात, तोवर गाडी विकलेली असते.

दुसरं म्हणजे जाळी. बऱ्याच स्टीलच्या फिल्टरवर ३५ मायक्रॉन (जाळीच्या भोकाचं माप, एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लिहिलेलं असतं, चांगला कागद त्याहून बारीक कचरा पकडतो. स्टीलमधून ऑइल जास्त मोकळं वाहतं हे खरंय, पण रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीला त्याचा काय उपयोग? (स्प्लेंडरला कागदी फिल्टर नसतोच, जाळी आणि सेंट्रिफ्युगल फिल्टरवर (गरगर फिरून कचरा बाजूला टाकणारा) चालते, त्यांनी तर हा विषयच सोडा.)

तरी घेतलाच तर धुणं नीट करा. रॉकेल किंवा डिझेलमध्ये भिजवायचा, मऊ ब्रशने घासायचा, तारेचा ब्रश अजिबात नको, मग हवा आतून बाहेर मारायची म्हणजे अडकलेला कचरा आत जात नाही, आणि उजेडासमोर धरून जाळी कुठे फाटलीय का बघायचं, फाटली असेल तर सरळ फेका. पूर्ण सुकल्याशिवाय बसवू नका, ओ-रिंग (ऑइल गळू नये म्हणून बसवलेली रबरी कडी) दरवेळी तपासा. एक फायदा मात्र मान्य, धुताना जाळीत धातूचे कण चमकताना दिसले की इंजिनात काहीतरी झिजतंय हे लगेच कळतं.

गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीचा कागदीच टाका.