पीएसएची सुई टोचून घेण्याआधी

पीएसए या प्रोस्टेटच्या रक्ततपासणीसाठी लॅबमध्ये येणारे बहुतेक काका उपाशीपोटी येतात. सोबत साखर किंवा कोलेस्टेरॉल नसेल तर त्याची काही गरज नसते. पोहे खाऊन आलात तरी हा आकडा हलत नाही. ज्याने हलतो ते मात्र काउंटरवर चार माणसांदेखत बोलायची लाज वाटते. म्हणून ते घरीच आठवून या.

पहिलं कॅलेंडर बघा. गेल्या सहा आठवड्यांत लघवीला जंतुसंसर्ग झाला होता का? प्रोस्टेटची बायोप्सी (सुईने तुकडा काढून तपासणी) झाली होती का? असेल तर डॉक्टरांना सांगून तपासणी पुढे ढकला. पीएसए हे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारं प्रथिन. ग्रंथी सुजली, दुखावली की ते रक्तात जास्त उतरतं, त्याला कॅन्सरच लागतो असं नाही. लघवी अडकली म्हणून नळी घालायची आणि ‘आता रक्तही करून टाकू’ म्हणत त्याच दिवशी पीएसए पाठवायचं, हा प्रकार मी बरेचदा पाहतो. आकडा भलताच येतो आणि घरात रडारड. हां, लघवीतून रक्त जात असेल किंवा हाडं दुखत असतील तर थांबू नका, थेट डॉक्टर गाठा.

मग शेवटचे दोन दिवस. ४८ तास संबंध किंवा हस्तमैथुन टाळा, वीर्यस्खलनाने आकडा थोडा वर जाऊ शकतो. लांबची सायकलफेरीही तेवढे दिवस राहू द्या.

औषधांची पिशवी सोबत आणा, नावं पाठ म्हणू नका. प्रोस्टेट लहान करणारं फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड सहा महिने-वर्षभर चालू असेल तर पीएसए साधारण निम्मा दिसतो. म्हणजे रिपोर्टात २.५ असेल तर तो ५ धरून वाचायचा. ड्युटास्टेराइड बऱ्याचदा लघवी मोकळी करणाऱ्या टॅमसुलोसिनसोबत एकाच गोळीत असतं, त्यामुळे ‘मी फक्त लघवीची गोळी घेतो’ एवढ्याने भागत नाही. केस गळू नयेत म्हणून घेतलेली फिनास्टेराइडची छोटी गोळीसुद्धा यात मोजायची; मुलगा वडिलांसमोर ती सांगत नाही, तो भाग वेगळा. केसा-नखांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व घेत असाल तर तेही सांगा, काही यंत्रांवर त्याने निकाल चुकतो.

जुने रिपोर्ट असतील तर आणा आणि शक्यतो त्याच लॅबमध्ये या. वेगवेगळ्या यंत्रांचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत. एकट्या आकड्यापेक्षा तो दोन-तीन वर्षांत कसा चढला, हे डॉक्टरांना जास्त सांगून जातं.

वडिलांना किंवा भावाला प्रोस्टेटचा कॅन्सर झाला असेल तर ते कागदावर लिहा. घरातल्या बायकांना स्तनाचा किंवा अंडाशयाचा झाला असेल तर तोही; बीआरसीए-२ जनुकातला दोष दोन्हीकडे उतरतो.

खरी तयारी पुढची आहे. आकडा जास्त आला तर काय करणार, हे आधीच डॉक्टरांशी बोला. ४ (नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर) ही रूढ सीमा, पण ती काही लक्ष्मणरेषा नाही: अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात ४ किंवा त्याखालच्या आकड्याच्या पुरुषांची बायोप्सी केली, तेव्हा सुमारे १५ टक्क्यांना कॅन्सर निघाला. उलट ४ ते १० मधल्या बहुतेकांना तो नसतो. या मधल्या पट्ट्यात फ्री पीएसए, म्हणजे रक्तात इतर प्रथिनांना न चिकटता मोकळा फिरणारा पीएसए, उपयोगी पडतो. एकूण पीएसएत त्याचं प्रमाण २५ टक्क्यांच्या वर असेल तर धोका कमी, १० च्या खाली असेल तर जास्त. फ्री पीएसए लवकर विघटतो, म्हणून तो हवा असेल तर रक्त देण्याआधीच सांगा.

सत्तरी ओलांडली असेल आणि तक्रार काहीच नसेल तर ही तपासणी करावी का, हेही विचारा. अमेरिकेच्या २०१८ च्या मार्गदर्शनात सत्तरीपुढे नको म्हटलंय, कारण हळू वाढणारा, आयुष्यभर त्रास न देणारा कॅन्सरही सापडतो आणि मग उपचारांमागे धावाधाव होते. स्वस्तातल्या पॅकेजमध्ये पीएसए आहे म्हणून आजोबांचाही करून घ्या, हे मला पटत नाही.

रिपोर्ट मोबाइलवर येईल, चढा आकडा ठळक अक्षरांत असेल. तो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकण्याआधी डॉक्टरांना दाखवा. बहुधा ते काही आठवड्यांनी पुन्हा रक्त द्यायला सांगतील, त्यात आकडा पुष्कळदा खाली आलेला असतो. तसाच राहिला तर गुदद्वारातून बोटाने तपासणी, एमआरआय, आणि लागलीच तर बायोप्सी.