कॅमेऱ्यातले फोटो कॉम्प्युटरवर घेताय? कार्ड रिकामं करण्याआधी या चुका टाळा

कॅमेऱ्यातले फोटो कॉम्प्युटरवर उतरवताना जे फोटो कायमचे जातात, त्यांतले निम्म्याहून अधिक तरी वाचवता आले असते असं माझं ठाम मत आहे. मेमरी कार्ड क्वचितच आपणहून दगा देतं. फोटो नीट उतरले का हे न बघता घाईने कार्ड रिकामं केलं जातं, तिथे घात होतो. हळद, बारसं, वारी, आजीची पंचाहत्तरी यांचे फोटो पुन्हा काढता येत नाहीत, आणि ते फक्त कार्डावर असतात तोवर त्यांची एकच प्रत असते. म्हणून केबल आणि पोर्टच्या तक्रारी इथे थोडक्यात आटोपतो; ‘डिलीट’ दाबण्याआधी काय काय चुकतं ते सविस्तर बघू.

कट-पेस्ट करू नका

कार्डावरचे सगळे फोटो निवडायचे, ‘कट’ करायचं आणि कॉम्प्युटरवर ‘पेस्ट’ करायचं, ही सगळ्यात महागात पडणारी सवय. कट केलेली फाइल एका जागी लिहिली जाते आणि दुसऱ्या जागची पुसली जाते. मध्येच केबल हलली, लॅपटॉप झोपला किंवा वीज गेली तर काही फोटो इकडे, काही तिकडे आणि एखादा अर्धवट, अशी अवस्था होते. कॉपीच करा. कॉपी अडकली तर कार्डावरचं मूळ जसंच्या तसं असतं, पुन्हा सुरुवात करता येते. फोटो घेणाऱ्या काही प्रोग्रॅममध्ये ‘इम्पोर्ट झाल्यावर डिलीट करा’ अशी खूण असते, तीही काढून टाका.

छोटं चित्र दिसलं म्हणजे फोटो आला, असं नाही

ही गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. जेपेग फाइलच्या सुरुवातीलाच त्या फोटोची एक चिमुकली प्रत साठवलेली असते. फोल्डरमध्ये दिसणारं छोटं चित्र, म्हणजे थंबनेल, अनेकदा तिथूनच येतं. त्यामुळे फाइल अर्धीच उतरली असली तरी थंबनेल अगदी छान दिसू शकतं. फोटो उघडल्यावर मात्र वरचा भाग ठीक आणि खाली करडा पट्टा.

तपासायची पद्धत सोपी आहे. कार्डावरच्या आणि कॉम्प्युटरवरच्या फोल्डरवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ बघा. फाइलींची संख्या आणि ‘साइज’चा बाइटमधला आकडा दोन्हीकडे तंतोतंत जुळला पाहिजे. त्याखालचा ‘साइज ऑन डिस्क’ वेगळा असला तरी चालतं; कार्ड आणि हार्ड डिस्क जागा वाटून देतात ती वेगवेगळ्या मापाने, म्हणून तो फरक पडतो. मग सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे काही फोटो पूर्ण आकारात उघडून बघा. लग्नाचं काम करणाऱ्यांनी टेराकॉपीसारखा प्रोग्रॅम वापरावा. विंडोज कॉपी झाल्यावर दोन्ही प्रती ताडून बघत नाही, टेराकॉपीला तसं सांगता येतं.

‘फोटो आले, व्हिडिओ कुठे गेले?’

कार्ड उघडलं की डीसीआयएम नावाचा फोल्डर दिसतो. त्यात १००, १०१ अशा आकड्यांनी सुरू होणारे फोल्डर आणि त्यांत फोटो. लोक तेवढाच उचलतात आणि कार्ड फॉरमॅट करतात, म्हणजे पूर्ण रिकामं करतात. कॅननच्या किंवा निकॉनच्या साध्या डीएसएलआरमध्ये हे बऱ्याचदा खपून जातं, कारण त्यांचे व्हिडिओही डीसीआयएममध्येच असतात. सोनीच्या कॅमेऱ्यात मात्र एक्सएव्हीसी-एस प्रकारचे व्हिडिओ ‘प्रायव्हेट’ फोल्डरमध्ये, त्यातल्या ‘एम४रूट’मध्ये आणि त्याच्याही आत ‘क्लिप’मध्ये असतात. सोनी-पॅनासॉनिकचा एव्हीसीएचडी प्रकार असेल तर ‘प्रायव्हेट’, ‘एव्हीसीएचडी’, ‘बीडीएमव्ही’, ‘स्ट्रीम’ असे एकात एक फोल्डर उघडत जावं लागतं, तेव्हा कुठे व्हिडिओच्या एमटीएस फाइली सापडतात. मंगळाष्टकांचं सगळं चित्रीकरण या गैरसमजापायी पुसलं जातं. उपाय एकच: निवडानिवड करू नका, कार्डावर दिसतं ते सगळं, आहे त्याच रचनेत कॉपी करा. नको ते नंतर काढता येईल.

४ ते ३२ जीबीच्या कार्डांवर फाइली साठवायची फॅट३२ ही पद्धत असते आणि तिच्यात एका फाइलला ४ जीबीची मर्यादा आहे. म्हणून लांबलचक भाषणाचे दोन-तीन तुकडे दिसतात. ते ‘डुप्लिकेट’ समजून उडवू नका.

एकाच नावाचे दोन फोटो

कॅमेरा फाइलींना चार आकडी क्रमांक देतो. ९९९९ नंतर पुन्हा ०००१. काही मॉडेलवर तर कार्ड बदललं किंवा फॉरमॅट केलं की आकडा लगेच ०००१ वर येतो. आता तुम्ही सगळे फोटो एकाच ‘कॅमेरा’ फोल्डरमध्ये टाकत असाल तर गेल्या वर्षीचा आयएमजी_०१२३ आणि आजचा आयएमजी_०१२३ समोरासमोर येतात. विंडोज विचारतं, ‘रिप्लेस’ करू का? घाईत ‘हो’ म्हटलं की गेल्या वर्षीचा फोटो संपला, आणि तो रिसायकल बिनमध्येही जात नाही.

प्रत्येक वेळी नवा फोल्डर करा आणि नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहा: ‘२०२४-०९-१५ कास पठार’. अशी नावं आपोआप तारखेने लागतात. कॅमेऱ्याच्या मेनूत फाइल क्रमांकाचा पर्याय असतो, तो ‘कंटिन्युअस’ ठेवा. निकॉनमध्ये ‘फाइल नंबर सीक्वेन्स’ चालू करा. आणि कॅमेऱ्याचं घड्याळ एकदा बघून घ्या. मुलाकडे दुबईला गेलात आणि घड्याळ भारताचंच राहिलं तर दीड तासाचा फरक पडतो. अमेरिकेत तर फोटो थेट वेगळ्या दिवसात जाऊन बसतात.

विंडोज फॉरमॅट करायला सांगतं तेव्हा

कार्ड लावल्यावर ‘हे वापरण्याआधी फॉरमॅट करावं लागेल’ अशी चौकट आली तर ‘कॅन्सल’ दाबा. कार्ड परत कॅमेऱ्यात घालून फोटो दिसतात का बघा. दिसत असतील तर कार्ड बहुधा ठीक आहे, दोष कार्ड रीडरचा, म्हणजे कार्ड कॉम्प्युटरला जोडणाऱ्या उपकरणाचा. ६४ जीबी आणि त्यावरची कार्डं एसडीएक्ससी प्रकारची असतात आणि एक्सफॅट पद्धत वापरतात. जुन्या रीडरला ती वाचता येत नाहीत. नवा रीडर घेतला की प्रश्न मिटतो.

‘स्कॅन अँड फिक्स’ची सूचना वेगळी. मागच्या वेळी कार्ड ‘इजेक्ट’ न करता उपटलं असेल तरी ती येते. तिथे ‘कंटिन्यू विदाउट स्कॅनिंग’ निवडा आणि आधी सगळं कॉपी करून घ्या. दुरुस्ती करताना विंडोज फाइलींचे तुकडे भलत्याच नावांनी ठेवू शकतं, म्हणून दुरुस्ती कॉपीनंतर.

फोटो चुकून पुसले गेलेच तर त्याच क्षणी कार्ड कॅमेऱ्यातून काढा. एकही नवा फोटो काढू नका. डिलीट किंवा साधं फॉरमॅट केल्यावर कार्डावरची यादी पुसली जाते, फोटोचा मजकूर नवीन काही वर लिहिलं जाईपर्यंत तिथेच असतो. फोटोरेक हा मोफत प्रोग्रॅम यादीकडे न बघता कार्डाचा कण न् कण चाळून फोटो ओळखतो. नावं परत मिळत नाहीत, फोटो बरेचदा मिळतात. व्हिडिओ वाचणं जास्त कठीण. वाचवलेल्या फाइली त्याच कार्डावर लिहू नका, हार्ड डिस्कवर घ्या. यासाठी कार्ड रीडरमध्ये हवं. बरेच कॅमेरे केबलने जोडल्यावर कॉम्प्युटरला ड्राइव्ह म्हणून दिसत नाहीत, त्यामुळे असे प्रोग्रॅम त्यांच्यापर्यंत पोचतच नाहीत. कॅमेऱ्यात ‘लो लेव्हल फॉरमॅट’वर (यादीबरोबर मजकूरही पुसणारा पर्याय) खूण करून फॉरमॅट केलं असेल तर मात्र आशा फार कमी.

कॅमेरा दिसतच नाही

कॅमेरा चालू आहे ना, बॅटरी भरलेली आहे ना, केबल हबमध्ये न लावता थेट पोर्टमध्ये आहे ना, हे आधी. त्यानंतर संशय केबलवर. फक्त चार्जिंगच्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात. फोन चार्ज होतो म्हणजे फोटो उतरतील असं नाही.

तरी माझा सल्ला रीडर घेण्याचाच. कॅनन १५००डी, निकॉन डी३५०० यांसारख्या लोकप्रिय कॅमेऱ्यांत यूएसबी २.० आहे. त्या वेगाने, सेकंदाला साधारण ३० एमबी धरले, तर भरलेलं ६४ जीबीचं कार्ड उतरायला अर्ध्या तासाहून जास्त लागतो, आणि तेवढा वेळ कॅमेऱ्याची बॅटरी खर्च होते. यूएसबी ३.० रीडर आणि बरं कार्ड असेल तर तेच काम पाव तासात होतं.

ब्लूटूथ-वायफायने फोटो फोनवर घेऊन तिथून कॉम्प्युटरवर पाठवणाऱ्यांनी फोटोचा आकार तपासावा. निकॉनचं स्नॅपब्रिज हे अॅप आपोआप पाठवतं ती २ मेगापिक्सेलची लहान प्रत असते. व्हॉट्सअॅपवरून फोटो म्हणून पाठवलात तर तो आणखी दाबला जातो. पाहायला ठीक, भिंतीवर लावायच्या प्रिंटला नाही.

रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता ठेवलेला कच्चा फोटो) उघडली नाही की ‘करप्ट झाली’ म्हणून डिलीट करणारेही आहेत. तसं करू नका. कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल किंवा निकॉनचं एनएक्स स्टुडिओ मोफत मिळतं. कॅमेरा नवा असेल तर त्याची ताजी आवृत्ती घ्या.

लॅबला कार्ड देण्याआधी

प्रिंट काढायला मूळ कार्ड कुणाच्या हाती देऊ नका. हवे ते फोटो पेनड्राइव्हवर घालून द्या. द्यावंच लागलं तर कार्डाच्या कडेची बारीक कळ ‘लॉक’कडे सरकवा, म्हणजे त्यावर सहसा चुकून काही लिहिलं जात नाही. अनेकांचे पेनड्राइव्ह लागलेल्या कॉम्प्युटरवर शॉर्टकट व्हायरस सर्रास आढळतो. कार्ड परत आल्यावर फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसले तर फोटो बहुधा गेलेले नसतात, लपवलेले असतात. शॉर्टकटवर क्लिक करू नका. अँटिव्हायरस चालवा, मग ‘व्ह्यू’मध्ये ‘हिडन आयटम्स’वर खूण करा. तरीही दिसले नाहीत तर ‘फोल्डर ऑप्शन्स’मध्ये जाऊन सिस्टिमच्या संरक्षित फाइली लपवण्याची खूण काढा, काही व्हायरस फोल्डरला तसा शिक्का मारतात. फोटो दिसू लागले की कॉम्प्युटरवर कॉपी करा, दुसरी प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या, आणि मगच कार्ड फॉरमॅट करा, तेही कॉम्प्युटरवर नाही, कॅमेऱ्यातच.