ताईच्या व्हॅनचा पत्ता

ताई अमेरिकेत व्हॅनमध्येच राहते. आज या गावात, उद्या त्या. बँकेचं नवं कार्ड मात्र आमच्या नागपूरच्या घरी आलं, ते तिला पाठवायचं होतं. खासगी कुरिअरवाले घराचा पत्ता मागत होते, तो कुठून आणायचा?

उपाय अमेरिकन टपाल खात्याकडेच निघाला: जनरल डिलिव्हरी. सेवा फुकट आहे. टपाल साधारण 30 दिवस पोस्टात ठेवतात, ओळखपत्र दाखवून घ्यायचं. ताई पुढे जिथे थांबणार होती, तिथल्या पोस्टात तिने आधी फोन केला. हे कराच, कारण मोठ्या शहरात ही सोय सगळ्या शाखांत नसते.

पाकिटावर पहिल्या ओळीत पासपोर्टप्रमाणे नाव, मग 'जनरल डिलिव्हरी', मग गाव, राज्य, पिनकोड आणि त्याला जोडून 9999. सिव्हिल लाइन्सच्या जीपीओतून आंतरराष्ट्रीय स्पीड पोस्ट केलं. आईने विणलेली टोपीही घातली, म्हणून कस्टमच्या फॉर्मवर 'लोकरीची टोपी' असं स्पष्ट लिहिलं. नुसतं 'भेटवस्तू' नको. पावतीवरचा क्रमांक तिकडच्या टपाल खात्याच्या साइटवरही चालतो, त्यामुळे ताईला पाकीट पोचल्याचं तिथेच कळलं. खासगी कुरिअरचं पार्सल मात्र जनरल डिलिव्हरीत घेत नाहीत.