अमेरिकी कर्जमर्यादेची बातमी कशी वाचावी
दलाल स्ट्रीटवरील घसरणीचे कारण म्हणून अमेरिकी कर्जमर्यादेचा, म्हणजे तेथील सरकारला किती कर्ज घेता येईल याच्या कायदेशीर कमाल मर्यादेचा, वाद पुढे केला जातो, तेव्हा मुंबईतील गुंतवणूकदाराने सर्वप्रथम हे लक्षात घ्यावे की ही मर्यादा वाढवल्याने नव्या खर्चाला मंजुरी मिळत नाही. तेथील संसदेने आधीच मान्य केलेली देणी फेडण्यासाठी कर्ज घेण्याची मुभा तेवढी मिळते. त्यानंतर डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन नेत्यांची भाषणे बाजूला ठेवून सरकारी रोकड संपण्याची अंदाजित तारीख पाहावी, कारण खरा धोका तिथे असतो. तडजोड झाली म्हणजे संकट टळले, असेही मानू नये: २०११ मध्ये २ ऑगस्टला मर्यादा वाढवणारा कायदा झाला, तरी ५ ऑगस्टला स्टँडर्ड अँड पुअर्स या मानांकन संस्थेने अमेरिकेचे पतमानांकन, म्हणजे कर्ज फेडण्याच्या विश्वासार्हतेचा दर्जा, घटवलेच. मुलांच्या परदेशी शिक्षणाचे शुल्क लवकरच भरायचे असेल, तर ती रक्कम शेअर बाजारात मुळीच ठेवू नये.