पडवीत बसून खेळण्याची दुव्यांची शर्यत

गौरी-गणपतीला चाकरमानी गावी येतात, आरत्या आणि जेवणे आटोपतात, आणि मग पाऊस असा लागून राहतो की खळ्यात पाऊल टाकता येत नाही. पत्त्यांचा कंटाळा आला की आमच्या पडवीत दुव्यांची शर्यत सुरू होते. विकिपीडियावरील एका पानावरून निघायचे आणि लेखातील निळ्या दुव्यांवर बोट ठेवत ठेवत आधी ठरवलेल्या दुसऱ्या पानावर पोहोचायचे, इतकाच हा खेळ आहे.

खेळ सुरू होण्यापूर्वी नियम मोठ्याने वाचून दाखवावेत, कारण नंतरचे वाद बहुतेक तिथूनच निघतात. सर्वांनी एकाच भाषेची आवृत्ती उघडावी. शोधपेटी, भाषा बदलण्याची सोय, पानाच्या तळाशी दिलेले वर्ग (विषयवार याद्या) आणि ‘येथे काय जोडले आहे’ ही त्या पानाकडे येणाऱ्या दुव्यांची यादी वर्ज्य समजावी. मागे फिरण्यास मुभा द्यावी, मात्र तीही एक टिचकी म्हणून मोजावी. मराठी आवृत्तीत लाल दुवे पुष्कळ भेटतात. ते पान अद्याप कोणी लिहिलेलेच नसते, त्यामुळे त्यावर दाबणाऱ्याची टिचकी फुकट जाते.

घड्याळ लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गावात एकाला पडवीच्या कोपऱ्यात नेटवर्क मिळते, दुसऱ्याला माडाखाली छत्री धरून उभे राहावे लागते. अशा ठिकाणी सेकंद मोजणे म्हणजे खेळाडूऐवजी मोबाइलच्या मनोऱ्याला बक्षीस देण्यासारखे आहे. म्हणून टिचक्या मोजाव्यात आणि प्रत्येकाने वाटेतील पानांची नावे क्रमाने कागदावर लिहावीत. मुंबईत किंवा आखातात राहिलेल्यांना सुरुवातीचे व शेवटचे पान व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर एकाच वेळी कळवावे आणि त्यांनीही आपली वाट तिथेच लिहून पाठवावी.

पाने निवडण्यासाठी ‘अविशिष्ट लेख’ हा कोणतेही एक पान आपोआप उघडून देणारा दुवा हाताशी असतो, परंतु मराठीत त्यातून पुष्कळदा एखाद्या वर्षाचे दोन ओळींचे पान निघते आणि डाव तिथेच अडकतो. त्यापेक्षा माणसांनीच जोडी सुचवावी.

समजा, ‘हापूस आंबा’ येथून ‘पेले’ या फुटबॉलपटूपर्यंत जायचे आहे. नवखा खेळाडू आंब्याच्या पानावर फुटबॉल शोधत बसतो. मुरलेला खेळाडू आधी शेवटच्या पानाचा विचार करतो: पेलेचा उल्लेख कुठे असणार? ब्राझीलच्या पानावर. ब्राझीलचा कुठे असणार? तिथे सत्ता गाजवणाऱ्या पोर्तुगालच्या पानावर. आणि हापूस हे नाव तर गोवा जिंकणाऱ्या आफोन्सो दि आल्बुकर्क या पोर्तुगीज सेनानीवरूनच आले आहे. हापूस, आल्बुकर्क, पोर्तुगाल, ब्राझील, पेले. प्रत्येक दुवा जागेवर सापडला तर चार टिचक्यांत काम होते. लहान विषयावरून देशासारख्या मोठ्या पानावर चढावे आणि तिथून हव्या त्या विषयाकडे उतरावे, ही युक्ती बहुतेक डावांत लागू पडते, कारण देशांच्या पानांवर दुव्यांची रेलचेल असते.

वडीलधाऱ्यांना नुसते पंच करून बसवू नये. त्यांची एकेका नातवंडाशी जोडी लावावी. मोबाइल मुलाच्या हाती आणि वाट सांगण्याचे काम आजीकडे. ‘रत्नागिरी’ येथून ‘गौतम बुद्ध’ गाठण्याचा डाव पडला, तेव्हा मुले भारताच्या पानाकडे धावली. आमच्या आजीने मात्र ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा रत्नागिरीत नजरकैदेत होता आणि 1916 मध्ये तिथेच वारला, याची आठवण करून दिली आणि थिबावरून म्यानमार, म्यानमारवरून बौद्ध धर्म असा रस्ता आखून दिला. त्या डावात भारताची वाटही तेवढीच जवळची ठरली, हा भाग वेगळा.

दोघांच्या टिचक्या सारख्या झाल्यास नव्या जोडीवर आणखी एक डाव घ्यावा. संध्याकाळच्या आरतीची घंटा वाजली की मात्र प्रत्येकाने आपल्या कागदावर शेवटच्या पानाखाली रेघ मारून मोबाइल पालथा ठेवावा, म्हणजे प्रसादानंतर डाव तिथूनच पुढे चालू करता येतो.