बीआरएसआर अहवालातील ऊर्जेचा तक्ता कसा भरावा

सेबीने १० मे २०२१ च्या परिपत्रकाद्वारे बीआरएसआर, म्हणजे व्यवसाय जबाबदारी व शाश्वतता अहवाल, आणला आणि २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून तो बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांना अनिवार्य केला. त्यातील पर्यावरणाविषयीच्या सहाव्या तत्त्वाखालचा पहिलाच प्रश्न ऊर्जेच्या वापराचा आहे. तक्ता दिसायला सोपा असल्यामुळे तो बहुधा वर्षअखेरीस घाईने भरला जातो आणि पडताळणीच्या वेळी नेमका तोच अडतो. आता मोठ्या खरेदीदार कंपन्या आपल्या पुरवठादारांकडेही हीच माहिती मागू लागल्या आहेत, त्यामुळे चाकण किंवा वाळूजच्या मध्यम कारखान्यालाही ही पद्धत माहीत असावी.

तक्त्याचे दोन भाग आहेत, नवीकरणीय आणि अनवीकरणीय. प्रत्येकात वीज, इंधन आणि इतर स्रोत यांचे आकडे ज्यूलच्या पटीत द्यायचे असतात. गिगाज्यूल हे एकक सोयीचे पडते, कारण १,००० युनिट म्हणजे ३.६ गिगाज्यूल.

सुरुवात आकड्यांपासून न करता मीटरपासून करावी. कारखाना, गोदाम, कार्यालय आणि अतिथीगृह यांच्या प्रत्येक ग्राहक क्रमांकाची यादी तयार करावी आणि अहवाल एकट्या कंपनीचा आहे की उपकंपन्यांसह, याच्याशी ती ताडून पाहावी. त्यानंतर बिलातील योग्य रकाना निवडावा. महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांची आकारणी एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर (आभासी ऊर्जेवर) होते, त्यामुळे लेखा विभागाच्या नजरेत तोच आकडा भरतो; आपल्याला मात्र केडब्ल्यूएचचा, म्हणजे प्रत्यक्ष वापरलेल्या युनिटांचा, आकडा हवा असतो. पॉवर फॅक्टर (केडब्ल्यूएच भागिले केव्हीएएच) ०.९५ असेल, तर या एका चुकीने वीजवापर सुमारे पाच टक्क्यांनी फुगतो.

डिझेलच्या बाबतीत खरेदी म्हणजे वापर नव्हे. आरंभीचा साठा अधिक खरेदी वजा अखेरचा साठा, हा हिशेब करावा आणि एका लिटरला सुमारे ३६ मेगाज्यूल धरावेत. डिझेल जनरेटरने तयार केलेली वीज पुन्हा विजेच्या रकान्यात टाकू नये, कारण ती ऊर्जा इंधनाच्या रूपात आधीच मोजलेली असते. बगॅसवर (उसाच्या चोथ्यावर) सहवीजनिर्मिती करणाऱ्या साखर कारखान्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे: बगॅस नवीकरणीय इंधनात मोजला, की त्यापासून तयार करून कारखान्यातच वापरलेली वीज वेगळी दाखवायची नाही.

सर्वाधिक गोंधळ छतावरील सौर विजेत होतो. समजा, एका कारखान्याने वर्षभरात ग्रीडमधून ४० लाख युनिट घेतले, छतावर ६ लाख युनिट तयार झाले आणि त्यातील ५० हजार ग्रीडमध्ये गेले. नेट मीटरिंगच्या बिलावर वजावट होऊन ३९.५ लाखांचा आकडा दिसतो, पण तो आपल्या कामाचा नाही. ग्रीडची वीज १४,४०० गिगाज्यूल, स्वतः वापरलेली ५.५ लाख युनिट सौर वीज १,९८० गिगाज्यूल आणि २० हजार लिटर डिझेलचे ७२० गिगाज्यूल मिळून एकूण १७,१०० होतात. त्यात नवीकरणीय वाटा सुमारे ११.६ टक्के येतो. केवळ विजेचा विचार केला तर तो १२.१ टक्के दिसतो. दोन्ही आकडे खरे आहेत, पण कोणता छापला आहे हे स्पष्ट लिहावे.

पवनचक्की साताऱ्याच्या पठारावर आणि कारखाना पुण्यात असेल, तर चक्कीने निर्माण केलेले युनिट न घेता वहनातील घट वजा होऊन बिलात समायोजित झालेले युनिट घ्यावेत. त्याच निर्मितीवरील नवीकरणीय ऊर्जा प्रमाणपत्रे पवनचक्कीच्या विकासकाने विकली नाहीत, हे त्याच्याकडून लेखी घ्यावे. एक प्रमाणपत्र १,००० युनिटांचे असते आणि ते विकले गेले की विजेचा हरितपणा खरेदीदाराकडे जातो. ग्रीडच्या साध्या विजेत काही सौर-पवन मिसळलेले असते हे खरे, तरी त्या आधारावर दावा करू नये. हरित दराने (नवीकरणीय विजेसाठी जादा दर देऊन) वीज घेतली असेल आणि तसे प्रमाणपत्र हाती असेल, तरच ती नवीकरणीय रकान्यात जावी.

ऊर्जा तीव्रता, म्हणजे किती ऊर्जा लागली हे प्रमाण, उलाढालीच्या प्रत्येक रुपयामागे मागितली जाते. मालाची किंमत वाढली, की एकही युनिट न वाचवता हा आकडा सुधारतो. म्हणून उत्पादनाच्या प्रत्येक टनामागील तीव्रताही द्यावी, आणि माझ्या मते व्यवस्थापनाने खरी नजर तिच्यावरच ठेवावी.

शेवटी प्रत्येक मीटरसाठी एक पान ठेवून त्यावर बारा बिले, मीटर वाचनाच्या तारखा आणि रूपांतराचा गुणक नोंदवावा. गेल्या वर्षीच्या आकड्यात चूक सापडली, तर तो आकडा गुपचूप न बदलता दुरुस्त आकड्याखाली टीप द्यावी आणि फरकाचे कारण एका वाक्यात सांगावे.